वाचकांची पत्रे : आधी भिंत, मग तसबीर

घराच्या भिंती कमी खर्चात, मढवलेल्या चित्रांनी कशा सजवाव्यात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. जवळजवळ सर्व पत्रे किनारपट्टीवरील गावांतून आलेली असल्यामुळे देशावरच्या कोरड्या हवेत चालून जाणारे सल्ले येथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मालवणजवळ, समुद्रापासून अगदी थोड्या अंतरावर आम्ही चिऱ्याचे घर बांधले. वास्तुशांतीच्या वेळी हौसेने पाच चित्रे फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली. दोन पावसाळ्यांत कागदांना लाटा आल्या, तपकिरी ठिपके पडले आणि एका जलरंगातील चित्राचा रंग चक्क काचेला चिकटला. फ्रेम करणारे गृहस्थ म्हणतात, “कोकणात हे असेच होणार.” खरोखरच यावर इलाज नाही का? पुन्हा खर्च करायचा झाल्यास तो नेमका कशावर करावा?
— एक वाचिका, मालवण

उत्तर : त्या गृहस्थांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवरील हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, आणि ती ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, हे कुणालाच टाळता येणारे नाही. मात्र आपण वर्णन केलेल्या तीन दोषांपैकी दोन पूर्णपणे आणि तिसरा बऱ्याच अंशी फ्रेमच्या आतल्या बांधणीमुळे निर्माण झालेला आहे.

कागद ओलावा शोषून फुगतो. चारही कडांना चिकटपट्टी लावून तो पुठ्ठ्यावर घट्ट डकवलेला असला, तर फुगलेल्या कागदाला पसरण्यास जागा उरत नाही आणि तो मधोमध उचलला जातो. आपल्याला दिसणाऱ्या लाटा त्या याच. चित्र केवळ वरच्या कडेला दोन ठिकाणी, कागदी पट्टीच्या बिजागरीने लटकते ठेवले, तर ते पावसात थोडे पसरते आणि हिवाळ्यात पूर्ववत होते. काचेला रंग चिकटण्याचे कारण याहूनही सोपे आहे : आपल्या चित्राला माउंट लावलेला नसणार. चित्राभोवती खिडकी कापून लावलेला जाड पुठ्ठा म्हणजे माउंट. तो शोभेसाठी असतो असे समजून पैसे वाचवण्यासाठी बहुतेक जण तो गाळतात. पण त्याचे खरे काम चित्र आणि काच यांच्यात दीड-दोन मिलिमीटरची पोकळी राखण्याचे आहे. तपकिरी ठिपक्यांमागे बुरशी असते आणि तिला हलक्या पुठ्ठ्यातील आम्लाची साथ मिळते. म्हणून ‘अॅसिड-फ्री माउंट’ असे स्पष्ट नाव घेऊन मागावा. तो थोडा महाग पडतो, परंतु काटकसर करायचीच असेल तर ती दर्शनी पट्टीत करावी. नक्षीदार सोनेरी पट्टीऐवजी साधी, पाऊण इंची सिंथेटिक पट्टी घेतली तर चित्राचे काही बिघडत नाही. उलट खाऱ्या हवेत आणि वाळवीच्या गावात ती हलक्या लाकडापेक्षा अधिक काळ टिकते.

कोकणात फ्रेमचे आयुष्य तिच्या पाठीवर ठरते, असे माझे मत आहे. पाठीला नेहमी हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लावतात आणि हे दोन्ही पदार्थ भिंतीचा ओलावा टिपून तो चित्राला पोचवतात. त्याऐवजी जाहिरातींचे फलक ज्यावर लावतात ती पोकळ नळ्यांची ‘सनपॅक’ शीट वापरावी. निवडणुकीच्या कृपेने ती आता तालुक्याच्या प्रत्येक गावात मिळते, पाणी शोषत नाही, वजनाला हलकी असते आणि कात्रीनेही कापता येते. चित्र आणि ही शीट यांच्यामध्ये माउंटच्याच जातीचा एक अखंड पुठ्ठा ठेवावा. पाठ आणि पट्टी यांमधील फट कागदी टेपने पूर्ण बंद करावी, म्हणजे कसर आत शिरत नाही. कसरीला कागद आणि खळ दोन्ही प्रिय असल्याने कणकेच्या चिकीने चित्र डकवणे म्हणजे तिला पान वाढून ठेवण्यासारखे आहे. शेवटी फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवावेत, जेणेकरून फ्रेम भिंतीपासून अर्धा इंच पुढे राहील आणि मागून हवा खेळेल. हे तुकडे नगण्य किमतीत मिळतात आणि तरीही शंभरातील एखाद्याच घरात ते लावलेले आढळतात, याचे नवल वाटते.

आता भिंतीविषयी. कोकणातला पाऊस नैर्ऋत्येकडील वाऱ्याबरोबर येतो. त्यामुळे घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरील भिंती त्याचा मारा सोसतात. चिरा ज्या दगडाचा असतो तो जांभा सच्छिद्र असल्यामुळे बाहेरून गिलावा नसेल किंवा त्याला तडे गेले असतील, तर पाणी चिऱ्यात मुरते आणि हळूहळू आतल्या बाजूस ओल दिसू लागते. आपली चित्रे अशा भिंतीवर आहेत का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. पावसाळ्यात पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतील, म्हणजे भिंतीकडील बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे असे समजावे आणि तेथे कागदाचे काहीही लावू नये. थेंब बाहेरील बाजूला असतील तर ओलावा खोलीच्या हवेतला आहे. अशा भिंतीवर वर सांगितलेली बांधणी पुरेशी ठरते. सर्वांत सुरक्षित भिंती म्हणजे दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंती. त्यातही स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत उबेमुळे कोरडी राहते.

फ्रेमचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करून घ्यावे. त्या दिवसांत हवा सर्वांत कोरडी असते आणि फ्रेममध्ये कोंडली जाणारी हवाही तशीच राहते. आषाढात बंद केलेल्या फ्रेममध्ये आषाढही बंद होतो.

खिळ्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजून फुगतो आणि गिलावा फोडतो. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू किंवा पितळी आकडा वापरावा. चिरा ठिसूळ असल्यामुळे खिळा ठोकण्याऐवजी ड्रिलने, शक्यतो हातोड्याचा झटका बंद ठेवून, छिद्र पाडावे आणि त्यात लांब गट्टी बसवावी. बंदरावर सहज मिळतो म्हणून टांगण्यासाठी तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, वापरण्याची पद्धत आहे. तंगूस तुटत नाही हे खरे, पण त्याची गाठ घसरते. त्याऐवजी विणीची दोरी किंवा बारीक साखळी घ्यावी.

प्रश्न : काचेच्या फ्रेमपेक्षा लॅमिनेशन करून फळीवर चिकटवलेले फोटो बरेच स्वस्त पडतात. अलिबागच्या घरात ते चालतील काय?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : समुद्राकाठच्या घरात चार-पाच वर्षांहून अधिक काळाची अपेक्षा नसेल तर चालतील. फळी एमडीएफची असते, तिच्या कडा ओलाव्याने फुगतात आणि वरचा प्लास्टिकचा थर कोपऱ्यांतून सुटू लागतो. ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीही अशा प्रकारे चिकटवून घेऊ नये. चिकटवलेले पुन्हा सोडवता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघेही शिक्षक असून कुडाळजवळ राहतो. बैठकीच्या खोलीत १२ फूट लांबीची एक भिंत मोकळी आहे आणि तिला लागून सहा फुटी सोफा आहे. बाजारात मिळणारे सात घोडे, धबधबे आणि परदेशातील बागा नकोत. खर्च बेताचा असावा, पण घरात आलेल्या माणसाला आपण कोणत्या मुलखात आलो आहोत हे कळावे. काय लावावे, किती लावावे आणि किती उंचीवर लावावे?
— एक दांपत्य, कुडाळ तालुका

उत्तर : आपण ज्या तालुक्यात राहता तेथे हा प्रश्न पडावा, हे थोडे गमतीचे आहे. पिंगुळी आपल्या उंबरठ्यावर आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत शतकानुशतके चित्रकथी सादर करीत आले आहेत : एकेका आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रे एका पोथीत बांधायची आणि एक-एक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगायची. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या ठाकर आदिवासी कला आंगणात जुन्या पोथ्या व कळसूत्री बाहुल्या पाहावयास मिळतात. जुन्या पोथ्या विकत घेण्याचा विचारही करू नये. त्या सुट्या झाल्या की कथा तुटते. परंतु त्याच शैलीत आज नव्याने रंगवलेली चित्रे कलावंत स्वतः विकतात. अशी दोन चित्रे घेतली तरी भिंतीला कणा मिळतो. मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे आणि ठसठशीत बाह्यरेषा यांमुळे ही चित्रे लांबूनही वाचता येतात, म्हणून मोठ्या भिंतीवर ती उठून दिसतात. त्यांचे रंग पाण्यात विरघळणारे असू शकतात. तेव्हा माउंटविषयी मालवणच्या वाचिकेला दिलेले उत्तर येथे दुप्पट लागू समजावे.

दुसरा पर्याय सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा. दशावतारी गंजिफाच्या संचात १० रंग आणि प्रत्येक रंगाची १२, अशी १२० गोल पाने असतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर ती अजूनही हाताने रंगवतात. पूर्ण संच हौशी संग्राहकाचे काम आहे. आपल्याला सुटी पाने मिळाली, तर तीन किंवा पाच पाने एका ओळीत खोल चौकटीत, ज्याला फ्रेमवाले बॉक्स फ्रेम म्हणतात तीत, बसवून घ्यावीत. पाने डिंकाने चिकटवू देऊ नयेत. माउंटमध्ये पानाच्या आकाराची गोल खाच कापून त्यात पान अडकवता येते. थोडी कारागिरी लागते, पण पान निखालस सुटे राहते.

वारलीविषयी अनेक वाचक विचारतात. ती उत्तर कोकणची, म्हणजे डहाणू-जव्हारकडची कला आहे आणि मुळात लग्नघरातील गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहिलेला चौक हे तिचे स्थान. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागद-कापडावर आणून जगभर नेली. मूळ कलावंताचे वारली चित्र जरूर घ्यावे. पण छापील वारलीने भरलेले पडदे, कप आणि उशांचे अभ्रे घरात आधीच असतील, तर भिंतीला तरी विश्रांती द्यावी, असे मला वाटते.

ज्यांना निसर्गचित्रे आवडतात त्यांनी चिपळूणजवळच्या सावर्डे येथील सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमध्ये चौकशी करावी. कलामहाविद्यालयांतील विद्यार्थी बाहेर बसून रंगवलेली कितीतरी जलरंगचित्रे वार्षिक प्रदर्शनानंतर गुंडाळी करून ठेवतात. विद्यार्थ्याला रंग-कागदाचा खर्च निघाल्याचे समाधान आणि आपल्याला खाडीचे, होडीचे, कौलारू घराचे अस्सल चित्र. लिनोकट किंवा वूडकट प्रकारची छापचित्रे मिळाली तर अधिकच उत्तम. ती ठशावरून हाताने छापलेली असतात आणि खाली पेन्सिलीने ५/२० असे लिहिलेले असते, म्हणजे वीस प्रतींतील पाचवी. एका ठशातून अनेक प्रती निघत असल्यामुळे ती मूळ कलाकृती असूनही किमतीला परवडतात.

आता खर्चाचे गणित पाहू. फ्रेमची पट्टी फुटावर विकली जाते, म्हणून चित्र किती मोठे आहे यापेक्षा त्याचा परीघ किती आहे हे महत्त्वाचे. १२ × १८ इंचांच्या चित्राला चारही बाजूंनी दोन इंचांचा माउंट लावला की बाहेरील माप १६ × २२ होते. परीघ ७६ इंच, कोपऱ्यांच्या तिरक्या कापात वाया जाणारे धरून सुमारे सात फूट. त्याऐवजी ८ × १२ इंचांच्या तीन फ्रेम केल्या तर परीघ १२० इंच, म्हणजे दहा फूट, वर बारा कोपऱ्यांची मजुरी. लहान-लहान फ्रेमची भिंत स्वस्तात होते हा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात दोन मोठी चित्रे बहुधा कमी पैशांत होतात आणि पावसाळ्यात सांभाळावी लागणारी फ्रेमची संख्याही कमी राहते. आपल्यासाठी माझी सूचना अशी : मध्ये चित्रकथीची दोन चित्रे शेजारी-शेजारी, आणि पैसे साठतील तेव्हा एका बाजूला गंजिफांची उभी चौकट. सोफ्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे चार फूट रुंदी भरली की पुरे. बारा फूट भिंत आहे म्हणून बारा फूट भरण्याचे कारण नाही. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमची खालची कड सहा ते आठ इंच वर असावी आणि चित्रांमध्ये दोन-तीन इंच अंतर ठेवावे. छिद्रे पाडण्यापूर्वी वर्तमानपत्राचे कागद त्याच मापात कापून भिंतीवर चिकटवावेत आणि दोन दिवस येता-जाता पाहावेत.

प्रश्न : इंटरनेटवरून चित्र उतरवून घेऊन झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढली आणि फ्रेम केली, तर ते कायद्याने चालते का? माझी मागील प्रिंट धूसर आली आणि एका पावसाळ्यात तिचे रंगही पसरले.
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. राजा रविवर्मा १९०६ साली आणि चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे मुक्त आहेत. सावंतवाडीत जन्मलेले आणि हाती निरांजन घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रामुळे सर्वांना ठाऊक असलेले सा. ल. हळदणकर १९६८ साली गेले. त्यांच्या चित्रांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत चालू राहील. हयात चित्रकाराचे चित्र त्याच्या इन्स्टाग्रामवरून उतरवून घेण्यापेक्षा त्यालाच प्रत विचारावी. अनेक चित्रकार लहान आकाराच्या प्रती स्वतः विकतात.

मुक्त चित्रांच्या चांगल्या फाइल हव्या असल्यास संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातील मुक्त कलाकृतींची छायाचित्रे विनामूल्य व विनाअट खुली केली आहेत आणि अॅम्स्टरडॅमचे राइक्स संग्रहालयही मोठ्या आकाराच्या फाइल देते. समुद्राकाठच्या माणसाला होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचा मोह होतोच. तिची मूळ छापील प्रत साधारण २६ × ३८ सेंटिमीटरची, म्हणजे ए-३ कागदावर थोडी कड सोडून जवळजवळ मूळ मापात येणारी आहे. खोलीभर मोठी करून तिची शान घालवू नये.

आपली प्रिंट धूसर येण्याचे कारण फाइल लहान असणे हे आहे. ए-३ साठी सुमारे ३५०० × ५००० आणि ए-४ साठी २५०० × ३५०० पिक्सेलची फाइल असावी. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेले चित्र आकुंचन पावलेले असते, ते वापरू नये. रंग पसरण्याचे कारण शाई. घरगुती इंकजेट छपाईयंत्रातील बहुतेक रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या असतात आणि दमट हवेतही त्या हळूहळू सरकतात. लेझर प्रिंटमध्ये प्लास्टिकची भुकटी कागदावर वितळवलेली असते, म्हणून साध्या दुकानातील लेझर प्रिंट, २५० ते ३०० जीएसएमच्या जाड मॅट कागदावर काढलेली, कोकणात अधिक भरवशाची आहे. चकचकीत फोटो पेपर टाळावा. तोच आधी काचेला चिकटतो.

प्रश्न : रत्नागिरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मालक खिळा ठोकू देत नाहीत आणि चिकटणारे हुक पावसाळ्यात गळून पडतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डिस्टेंपर आणि चुना यांवर चिकटपट्टी धरत नाही, ती रंगाच्या थराला चिकटते आणि थरासकट खाली येते. अशा घरात चित्र टांगू नये, टेकवून ठेवावे. पुस्तकांचे कपाट, शिवणयंत्र, टीव्हीखालचे बाक यांवर एक मोठी आणि तिच्यापुढे एक लहान अशा दोन फ्रेम टेकवल्या की कोपरा सजतो. खाली घसरू नयेत म्हणून पुढे रबरी पट्टी लावावी. आधीच्या भाडेकरूने मारलेले खिळे असतील तर ते मालकाच्या परवानगीनेच मारलेले आहेत असे खुशाल समजावे.

प्रश्न : गुहागरकडील आमच्या जुन्या घराच्या ओटीवर रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती, एक जरीच्या साडीने सजवलेली देवीची तसबीर आणि आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. कसरीने कडा खाल्ल्या आहेत आणि पणजोबांचा फोटो काचेला घट्ट चिकटला आहे. आम्ही भाऊ मुंबईला असतो, गणपती-शिमग्याला येतो. हे सर्व नव्याने मढवून घ्यावे का? की छापील नवीन प्रती लावाव्यात?
— एक वाचक, मूळ गाव गुहागर तालुका

उत्तर : सर्वप्रथम चिकटलेला फोटो. तो काचेपासून ओढून, वाफ देऊन किंवा पाण्यात भिजवून सोडवण्याचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नये. जुन्या छायाचित्रावरील जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होऊन काचेला चिकटतो आणि ओढताच चेहरा काचेवर राहतो. काचेसकट तो चौकटीतून बाहेर काढावा आणि काचेतूनच त्याचे छायाचित्र घ्यावे : दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, कॅमेऱ्यामागे काळे कापड, आणि स्वतःचे प्रतिबिंब पडत नाही ना हे पाहून. त्या फाइलची प्रिंट मढवून ओटीवर लावावी आणि मूळ फोटो काचेसह कागदात गुंडाळून मुंबईच्या घरी कपाटात उभा ठेवावा. ओटीवरच्या माणसांना पणजोबा दिसले पाहिजेत. मूळ कागद दिसला पाहिजे असे नाही.

रविवर्म्याच्या तसबिरींबाबत घाई करू नये. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्याच चित्रांच्या नंतर इतक्या छपाया निघाल्या की बहुतेक घरांतील प्रती उशिराच्या असतात. भिंगातून पाहावे. जुन्या शिळाछपाईत रंगाचे कण अनियमित, दाणेदार दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, फुलांच्या पाकळ्यांसारखे रचलेले दिसतात. ठिपके शिस्तीतले असतील तर नवी प्रत लावण्यास हरकत नाही. दाणेदार असतील, तर कडा खाल्लेल्या असल्या तरी ते चित्र जपावे. जरी, टिकल्या आणि कापड लावून सजवलेली देवी तर निश्चित जपावी; तशी सजावट घरोघरी स्त्रिया हातांनी करीत असत, त्यामुळे आपली देवी दुसऱ्या कुणाकडेही नाही.

मढवताना जुनी सागवानी चौकट आणि काच तशीच ठेवावी, पाठीची फळी मात्र बदलावी. त्या काळी खोक्यांच्या फळ्या लावत आणि त्यांच्या आम्लाने कागदावर फळीच्या रेघा उमटतात. मऊ ब्रशने कसरीची घाण झाडावी, चित्राला ओले फडके लावू नये, आणि सावलीत दिवसभर वारा लागू द्यावा; कडक उन्हात टाकू नये. जरीच्या तसबिरीला खोल चौकट लागेल, नाहीतर काच जरीवर दाबली जाईल. एखाद्या वस्तूचे मोल जास्त वाटले तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राचा सल्ला घ्यावा; मुंबईत राहता, तेव्हा ते आपल्याला अवघड नाही. फ्रेमवाल्याने कोरी करकरीत नवी चौकट सुचवली आणि जुनी “टाकून देतो” म्हटले, तर जुनी चौकट काखेत घेऊन घरी यावे.

आणखी एक. बंद घरात पावसाळाभर चित्रे ठेवणे हेच मूळ दुखणे आहे. गावात कुणी शेजारी घर उघडून वारा देत असेल तर त्यांना सांगून तसबिरी मृगापूर्वी उतरवून माजघरातल्या कपाटात, जमिनीपासून वर, उभ्या ठेवाव्यात.

प्रश्न : सासूबाईंच्या मते तसबिरी वाशाखाली, पुढे झुकवूनच लावायच्या, मला त्या डोळ्यांसमोर, भिंतीला सरळ हव्यात. शिवाय गणपतीपूर्वी भिंतींना रंग द्यायचा आहे. रंगानंतर लगेच नवीन फ्रेम लावल्या तर चालतील का?
— एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : सासूबाईंची पद्धत त्या काळच्या घराला अगदी नेमकी होती. माणसे जमिनीवर, पाटावर, सतरंजीवर बसत. खालून वर पाहणाऱ्याला झुकलेली तसबीर सरळ दिसते आणि दारातून येणारा खळ्यातला उजेड काचेवर चमकत नाही. वर झुकल्यामुळे मागे आपोआप पोकळी राहते, म्हणजे आज आपण बुचाचे तुकडे लावून जे साधतो ते त्यांना दोरीच्या लांबीवर साधत असे. तोटा एवढाच की त्या पोकळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि पालींचा मुक्काम पडतो. आपण खुर्चीवर बसत असाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ ते ६० इंचांवर ठेवावा. केवळ बसून पाहायच्या खोलीत त्याहून चार-पाच इंच खाली. देवादिकांच्या तसबिरी सासूबाईंच्या पद्धतीने माजघरात आणि आपली चित्रे आपल्या पद्धतीने बैठकीच्या खोलीत, अशी वाटणी सुचवतो; दोन्ही पद्धती एकाच भिंतीवर मात्र आणू नयेत, डोळ्याला खटकतात.

रंगाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भाद्रपद पावसातच येतो; श्रावणात दिलेला चुना किंवा डिस्टेंपर वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो आणि तो ओलावा फ्रेमच्या पाठीत उतरतो. रंग एप्रिल-मेमध्ये द्यावा. या वर्षी ते राहून गेले असेल, तर रंग द्यावा, गणपती येऊ द्यावेत, पण नवीन फ्रेम दिवाळीनंतर लावाव्यात. ज्या भिंतीपुढे मखर आणि वर माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) येणार तेथील जुनी चित्रेही पाच-सात दिवस उतरवलेली बरी. धूप-कापराचा धूर, समईची काजळी आणि गर्दीतल्या कोपरांचे धक्के यांपैकी काहीच काचेला मानवत नाही. उतरवलेल्या फ्रेम एकमेकींवर आडव्या रचू नयेत. काचेला काच लागेल अशा जोड्या करून, मध्ये जुने लुगडे घालून, कपाटाच्या बाजूला पाटावर उभ्या कराव्यात. पुन्हा लावताना काच पुसायची झाल्यास पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर फवारू नये, कारण ते कडेने आत उतरून माउंटला डाग पाडते.